हॉलिवूडच्या पर्यटन बसच्या चालक ताईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव मी त्या दिवशी विचारले नाही, आणि विचारले असते तरी ते असे चारचौघांत लिहिले नसते. गेल्या ऑक्टोबरात एका मंगळवारी हॉलिवूड बुलेव्हार्डवरून निघणारी दुमजली बस आपण चालवत होता, आणि निळ्या सुती साडीतली, खांद्याला कापडी पिशवी अडकवलेली एक बाई आपल्याला ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषाकार भानू अथैया यांच्याविषयी विचारत होती, एवढ्या खुणेवर आपल्याला आठवेल. ती बाई मी. कोल्हापुरातील मुलींच्या एका शाळेत मी ३१ वर्षे शिवणकाम शिकवले. आता निवृत्त आहे आणि लॉस एंजेलिसला नोकरी करणाऱ्या मुलीकडे तीन महिन्यांसाठी आले होते. हे पत्र मराठीत लिहीत आहे, कारण दुसऱ्या कोणत्याही भाषेत मला मनापासून आभार मानता येत नाहीत. मुलगी त्याचे इंग्रजी करून आपल्याला थांब्यावर आणून देईल. जाहीर अशासाठी करत आहे, की आमच्याकडून मुलांकडे जाणाऱ्या आणि दिवसभर घरात एकट्या बसणाऱ्या आयांना असा एक दिवस आपला आपण काढता येतो, हेही कळावे.

हॉप-ऑन हॉप-ऑफ हा प्रकार मला मुलीने आदल्या रात्री समजावून दिला होता. एकदा तिकीट काढायचे, वाटेल त्या थांब्यावर उतरायचे, पोटभर पाहायचे आणि मागून येणारी त्याच कंपनीची बस धरायची. कोणी घाई करत नाही, कोणी छत्री उंच धरून पुढे पळत नाही, हे मला फार आवडले. कानाला लावायच्या यंत्रात मराठी नव्हती. इंग्रजी होती, पण ती इतक्या वेगाने धावत होती की वरच्या उघड्या मजल्यावर पदर सांभाळू की शब्द, असे मला झाले. शेवटी ते यंत्र काढून ठेवले आणि आपण थांब्याथांब्यावर ध्वनिक्षेपकावरून सावकाश जे सांगत होता, तेवढेच ऐकले.

डोंगरावरची ती पांढरी अक्षरे आपणच दोन इमारतींच्या फटीतून नेमकी दाखवलीत. १९२३ मध्ये उभारलेली ती मूळची घरांच्या प्लॉटची जाहिरात होती, तेव्हा नाव ‘हॉलिवूडलँड’ असे होते आणि शेवटची चार अक्षरे १९४९ मध्ये काढली, हे ऐकून मी मोठ्याने हसले. जगभरचे लोक ज्याला पाहायला येतात तो एका बिल्डरचा फलक निघाला! आज दिसतात ती अक्षरे १९७८ मध्ये नव्याने बसवलेली, प्रत्येकी ४५ फूट उंच. एवढ्या उंच अक्षराचा कागदी कटिंग नमुना कोणी आणि कशावर काढला असेल, हा विचार त्यानंतर बराच वेळ माझ्या डोक्यातून जाईना. धंद्याची खोड, दुसरे काय.

रूझवेल्ट हॉटेलसमोर बस थांबली तेव्हा आपण सांगितले, की पहिला ऑस्कर समारंभ १६ मे १९२९ रोजी याच इमारतीत झाला आणि बक्षिसे वाटून व्हायला जेमतेम पंधरा मिनिटे लागली. त्यावर मी जिन्यावरून खाली येऊन आपल्याला माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितले, की त्यानंतर सोळाव्या दिवशी, १ जून १९२९ रोजी, आमच्या कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. आणि त्याच वर्षी २८ एप्रिलला कोल्हापुरातच एक मुलगी जन्मली, जी पुढे ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय ठरली. आपण आरशातून माझ्याकडे पाहिलेत आणि नाव विचारलेत. मी नाव सांगितले. मग आपण ते पुन्हा विचारलेत, अक्षरे एकेक करून, आणि दोनदा म्हणून पाहिलेत. ‘अथैया’ हा शब्द आपल्या जिभेवर नीट बसेपर्यंत आपण बस हलवली नाहीत. आभारांची खरी सुरुवात इथून आहे.

कारण त्याच सकाळी माझे हसे होता होता राहिले होते. तिकीट घेतले तिथल्या तरुणाला मी विचारले होते, की भानूताईंना ऑस्कर मिळाले ती जागा कोणती. त्याने मान वर न करता समोरच्या डॉल्बी थिएटरकडे बोट केले आणि ऑस्कर सगळी तिथेच होतात म्हणून सांगितले. मी गेले. त्या प्रवेशमार्गाच्या खांबांवर वर्षावर्षाच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटांची नावे लावलेली आहेत, पुढच्या वर्षांसाठी कोऱ्या जागाही राखून ठेवलेल्या आहेत, आणि त्यांत १९८२ या वर्षासमोर ‘गांधी’ हे नाव मला सापडले. मग शंका कशाला राहील? मी चपला काढल्या, पायरीला हात लावून तो कपाळाला लावला आणि एका जपानी मुलीकडून फोटोही काढून घेतला.

हा फोटो मी आपल्याला मोठ्या अभिमानाने दाखवला. आपण तो पाहिलात, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा डोळ्यांवर चढवलात आणि थोडा वेळ काहीच बोलला नाहीत. थांब्यावर बसला दहा मिनिटे थांबायचे होते, तेवढ्यात आपण फोनवर शोधलेत आणि मग मला आपल्या शेजारच्या आसनावर बसवून सांगितलेत, की हे थिएटर २००१ मध्ये उघडले. ११ एप्रिल १९८३ रोजी समारंभ झाला तो इथे नव्हे, शहराच्या मध्यभागातील डोरोथी चँडलर पॅव्हिलियनमध्ये. चुकीच्या देवळात नारळ फोडून आलेल्या बाईला हसू येऊ न देता हे सांगणे सोपे नसते. आपण मला मूर्ख वाटू दिले नाहीत. उलट म्हणालात, की इथे येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा हाच समज असतो आणि एखाद्या वेशभूषाकाराची जागा विचारणारे आपल्याला आजवर कोणी भेटले नव्हते.

मग आपण बसच्या मार्गाच्या घडीपत्रकाची मागची बाजू उलटलीत आणि निळ्या पेनाने नकाशा काढून दिलात. तो माझ्यासमोर आहे. हॉलिवूड आणि व्हाइन या रस्त्यांच्या चौकात उतरायचे, मेट्रोच्या बी लाइनने जायचे, तिथून नववे स्टेशन सिव्हिक सेंटर; बाहेर पडल्यावर बागेतून चढ चढत ग्रँड अॅव्हेन्यूला लागायचे. नऊ स्टेशनांसाठी आपण नऊ ठिपके काढलेत, म्हणजे मला मोजता यावेत. आपल्या कंपनीचा हा मार्ग नव्हता. माझे अर्धे तिकीट वाया जाणार होते आणि ते आपणच मला प्रामाणिकपणे सांगितलेत. वर परतताना बस संपलेली असेल, मेट्रो संपणार नाही, हेही लिहून दिलेत.

एक खूण आपण कोपऱ्यात वेगळी केली होती. स्टेशनात उतरण्यापूर्वी ६२५१ क्रमांकाच्या इमारतीपुढे, पदपथात नामवंतांच्या नावाने बसवलेल्या ताऱ्यांपैकी एक तारा पाहा, असे त्यात होते. पितळेचा आणि टेराझोचा तो तारा साबू दस्तगीर यांचा निघाला. म्हैसूर संस्थानातल्या माहुताचा हा मुलगा, १९३७ मध्ये चित्रपटात आला आणि हॉलिवूडचा नट झाला. त्या पदपथावर २,७०० हून अधिक तारे आहेत. ज्यांना पायदळी यायचे नव्हते त्या मुहम्मद अलींचा तेवढा भिंतीवर आहे. त्या गर्दीतून आमच्याकडचे एक नाव आपण माझ्यासाठी आठवून काढलेत. मी कोल्हापुरी चपला उचलून त्या ताऱ्याला वळसा घातला. स्टेशनचे छत जुन्या फिल्मच्या रिळांनी भरलेले असल्याचेही आपण सांगितले होते. मान वर करून ती रिळे पाहण्यात माझी एक गाडी गेली.

पॅव्हिलियनची दारे बंद होती. त्या दुपारी तिथे कार्यक्रम नव्हता. काचेला नाक लावून मला आतली झुंबरे दिसली, रुंद जिना दिसला. १९६४ साली उघडलेली ही इमारत, त्यामुळे भानूताई आल्या तेव्हाही हीच दारे असणार, असे मी धरून चालले. जॉन मॉलो यांच्यासह त्यांना ते पारितोषिक मिळाले ते कपड्यांसाठी: खादीच्या जाडीसाठी, धोतराच्या निऱ्यांसाठी, दांडीयात्रेतल्या शेकडो माणसांच्या अंगावर न शोभता नुसते असायला हवे अशा पेहरावासाठी. दिग्दर्शकाला, नटाला टाळ्या मिळतात हे जग जाणते. सुईदोऱ्यालाही त्या मिळतात, हे मी वर्गात ३१ वर्षे सांगत आले आणि मुली ऐकून घेत आल्या, खरे किती मानत होत्या कोण जाणे. अण्णासाहेब राजोपाध्ये या चित्रकाराच्या मुलीने, वडील लहानपणीच गेले असताना, कोल्हापुरातून मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात आणि तिथून या दारापर्यंत यावे! समोरच्या कारंज्याच्या कट्ट्यावर बसून मी डब्यातले थालीपीठ खाल्ले आणि आमच्या जुन्या विद्यार्थिनींच्या गटावर दाराचा फोटो पाठवला. भारतात तेव्हा पहाट व्हायची होती, तरी चौघींची उत्तरे लगेच आली.

मला आपल्या बसमधून आणखी बरेच पाहायचे होते. चायनीज थिएटरच्या अंगणातले नटनट्यांच्या हातापायांचे सिमेंटमधले ठसे मात्र मी सकाळीच पाहिले होते. १९५३ मध्ये उमटलेला मॅरिलिन मन्रोचा पाय इतका लहान आहे, की आमच्याकडे तो मापाच्या चपलेला मुलांच्या विभागात पाठवला असता. बाकीचे राहिले त्याची खंत नाही.

आपण कधी कोल्हापूरला आलात तर आमच्याकडे अशी बस नाही, हे आधीच सांगून ठेवते. रिक्षा करू. खरी कॉर्नरला दगडी चौथऱ्यावर एक कॅमेरा उभा आहे, बाबूराव पेंटरांच्या काळाची आठवण म्हणून. तो दाखवीन आणि या वेळी जागा बरोबर असेल.

आपले निळे पेन गडबडीत माझ्या पिशवीत आले होते. ते पत्रासोबत परत पाठवत आहे. बरोबर इरकली खणाची एक छोटी पिशवी आहे, ती मी शिवली आहे, चष्म्यासाठी. माप नजरेनेच घेतले होते. घट्ट झाल्यास मुलीकडे द्यावी, दोन्ही बाजूंना अर्धा इंच शिलाईत सोडला आहे.

आपली,
कोल्हापूरची एक निवृत्त शिवणशिक्षिका