रिव्हर्बसाठी दर वेळी ॲपच कशाला, खेळण्यातली स्प्रिंग आहे की

संपादक महोदय,

तुमच्या पुरवणीत घरच्या घरी वाद्यं रेकॉर्ड करण्यावर जो लेख आला तो आवडला, माइक कुठे ठेवायचा, पंखा बंद करायचा, भिंतीला गादी टेकवायची वगैरे सगळं कामाचं आहे, पण रिव्हर्बचा, म्हणजे आवाज हॉलमध्ये घुमल्यासारखा करायचा, विषय आला आणि लेखकाने "ॲप टाका, त्यात हॉल निवडा" म्हणून हात झटकले. वर जाता जाता असंही लिहून टाकलं की स्प्रिंगचा रिव्हर्ब म्हणजे हॉलची स्वस्तातली नक्कल. ह्या एका वाक्यासाठी हे पत्र.

नक्कल म्हणून सुरुवात झाली हे खरंच आहे, नाही कोण म्हणतंय. खरं तर मुळात संगीताशी संबंधच नव्हता, बेल लॅब्ज ह्या अमेरिकेतल्या टेलिफोन संशोधन प्रयोगशाळेच्या इंजिनिअर लोकांना लांब पल्ल्याच्या टेलिफोन लाइनवर आवाज पोचायला जो उशीर लागतो तो प्रयोगशाळेत टेबलावर तयार करायचा होता म्हणून त्यांनी स्प्रिंग वापरली. मग 1935 मध्ये लॉरेन्स हॅमंडचा इलेक्ट्रिक ऑर्गन बाजारात आला, लोकांच्या कानात ऑर्गन म्हणजे चर्चमधला घुमणारा आवाज बसलेला आणि घरात गालिचा, पडदे, सोफे, त्यामुळे वाजवला की आवाज कोरडा ठक्क. हॅमंडने तीच टेलिफोनवाली आयडिया उचलून स्पीकरच्या कपाटात स्प्रिंगा बसवल्या, सुरुवातीच्या तर उंच नळ्यांमध्ये होत्या आणि काही तेलात बुडवलेल्या असायच्या, म्हणजे फार वेळ थरथरत राहू नयेत म्हणून. पुढे त्याचा आटोपशीर पत्र्याचा डबा झाला, 1961 मध्ये फेंडर ह्या गिटार-ॲम्प्लिफायर बनवणाऱ्या कंपनीने गिटारसाठी वेगळं रिव्हर्ब युनिट काढलं, 1963 मध्ये ते ॲम्प्लिफायरच्या पोटातच घातलं, आणि त्यानंतर सर्फ म्युझिक ह्या इलेक्ट्रिक गिटारच्या संगीतप्रकारातल्या गिटारवाल्यांनी त्या स्प्रिंगेतून जो ओलाचिंब टणत्कार काढला तो जगातल्या कुठल्या हॉलमध्ये ऐकू येतो सांगा बरं. नक्कल करायला गेले आणि तिसरंच काहीतरी हाती लागलं, आणि ते चांगलं निघालं, एवढं साधं आहे.

तिसरंच का, तर हॉलमध्ये आवाज भिंती, छत, खांब, खुर्च्या सगळ्यांवर आपटून हजार वाटांनी परत येतो. स्प्रिंगला टोकं दोनच, आवाज एका टोकातून शिरतो, दुसऱ्या टोकाला जातो, तिथून परत फिरतो, पुन्हा येतो, असं चालू राहतं आणि दर फेरीत थोडा थोडा विरत जातो. शिवाय वळणावळणाच्या तारेत सगळे सूर एकाच वेगाने पळत नाहीत. स्लिंकी, म्हणजे जिन्यावरून उतरणारी ती स्प्रिंग, तिचं एक टोक कानाशी धरा, बाकीची खाली लोंबू द्या आणि खालच्या टोकाला नखाने टिचकी मारा, सिनेमातल्या लेझर बंदुकीसारखा "प्यूऊऊ" असा घसरत खाली येणारा आवाज येईल, कारण टिचकीतले वरचे सूर आधी पोचतात आणि खालचे मागून रेंगाळत येतात. ॲम्प्लिफायरच्या डब्यात असते तसल्या बारीक व्यासाच्या स्प्रिंगेत हे गणित थोडं वेगळं पडतं, तिथे बऱ्याच मोठ्या पट्ट्यात खालचे सूर आधी येतात, म्हणून तर स्लिंकीचा आवाज आणि ॲम्प्लिफायरच्या डब्याचा आवाज एकसारखा नसतो. ही गंमत ॲपमधला "हॉल" नावाचा पर्याय कशी देणार, तो तर हॉलच देणार ना.

गंमत म्हणजे स्लिंकीसुद्धा चुकूनच खेळणं झाली, रिचर्ड जेम्स नावाचा इंजिनिअर 1943 मध्ये जहाजावरची नाजूक उपकरणं हलू नयेत म्हणून स्प्रिंगांवर काम करत होता, एक खाली पडली आणि चालत सुटली. 1945 मध्ये फिलाडेल्फियाच्या एका मोठ्या दुकानात तिची विक्री सुरू झाली. असो, इतिहास पुरे.

आता लेखकाचा सगळा रोख इलेक्ट्रॉनिक्सवर होता, पण अकूस्टिक वाद्यवाल्याला प्लगही लागत नाही आणि बॅटरीही लागत नाही. ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत त्यांनी तो प्लॅस्टिकचा इको माइक पाहिला असेल, त्यात बोललं की आवाज गुहेतून आल्यासारखा येतो. तो उघडून बघा, आत एक पातळ पडदा आणि त्याला अडकवलेली एक स्प्रिंग, बास, दुसरं काही नाही. बोलण्याने पडदा हलतो, पडद्याने स्प्रिंग हलते, स्प्रिंगेतून परत आलेली थरथर पुन्हा पडद्यावर येते. दोन प्लॅस्टिकच्या कपांना लांब स्प्रिंगेने जोडलेला फोन मिळतो तोही ह्याच जातीचा, आणि नळीच्या तळाला पडदा लावून त्यातून स्प्रिंग लोंबत सोडलेलं ढगांच्या गडगडाटाचं खेळणं पण तेच. म्हणजे रिव्हर्ब युनिट आधीच खेळण्यांच्या टोपलीत पडलंय, आपण त्याला वाद्याशी ओळख करून द्यायची राहिली आहे.

आणि हे फक्त खेळ म्हणून नाही बरं का, गोर्केम शेन नावाच्या तुर्की कलाकाराने याइबहार नावाचं वाद्य बनवलंय, त्यात तारांची थरथर लांबलचक स्प्रिंगांमधून जाते आणि डफासारख्या पडद्यांवर पोचते, आवाज ऐकून कुणालाही वाटेल की मागे सिंथेसायझर आहे, पण विजेची एक वायर त्यात नाही.

इथे सतारवाले, सारंगीवाले म्हणतील की आमच्याकडे तरफा, म्हणजे न छेडता आपोआप झंकारणाऱ्या तारा, आहेत, आम्हाला काय नवीन सांगता. बरोबर आहे, तरफेच्या तारा म्हणजे वाद्याच्या आतलाच रिव्हर्ब, पण तरफ तिच्या सुराला मिळवलेली असते, तो सूर लागला तरच ती नीट बोलते, बाकी वेळ गप्प. स्प्रिंगेला असला मानपान नाही, तिला काहीही द्या, बेसूर द्या, टेबलावरची थाप द्या, ती सगळ्यालाच शेपूट लावून परत देते. त्यामुळे राग चालू असताना स्प्रिंग फार जोरात ठेवली तर मागचा सूर पुढच्यात मिसळून चिखल होतो, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. संथ आलापीला शोभते, झाल्याला, म्हणजे शेवटच्या जलद वादनाला, नाही, निदान माझ्या कानाला तरी.

करायचं कसं, तर मुख्य गोष्ट अशी की नुसती स्प्रिंग वाद्याला लटकवून फारसं काही ऐकू येत नाही, तिच्यात थरथर भरपूर असते पण हवा ढकलायला तिला अंगच नाही. म्हणून दुसऱ्या टोकाला पडदा हवा. खंजिरी चालेल, नाहीतर दोन्ही बाजूंनी उघडा पत्र्याचा डबा घेऊन एका तोंडावर फुग्याचं रबर किंवा जाड ट्रेसिंग पेपर ताणून बसवायचा, मधोमध बारीक भोक पाडून स्प्रिंगेचं टोक त्यात आतून वळवून घ्यायचं आणि भोकाभोवती छोटी चकती चिकटवायची म्हणजे कागद फाटत नाही. वाद्याकडचं टोक घोडीच्या, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्या, जवळ, कारण तारांची थरथर फळीत तिथूनच उतरते, पण पॉलिशवर डिंक किंवा फेविक्विक अजिबात नको, चुन्याच्या गोळीएवढी चिकणमाती किंवा पोस्टर चिकटवायची ती पुटी पुरते, काढली की डाग राहत नाही. घोडीला जड काही अडकवलं तर वाद्याचा स्वतःचाच आवाज दबतो, म्हणून स्प्रिंग हलकी हवी आणि डबा वाद्यावर न ठेवता शेजारी स्टुलावर ठेवायचा.

ताण किती द्यायचा हे कानानेच ठरवावं लागतं. सैल सोडली की वेटोळी एकमेकांवर घासून किरकिरतात, फार ताणली की प्रत्येक सुराला "टिंग" असा पत्र्याचा ठोका लागतो, दोन वेटोळ्यांच्या मधून उजेड दिसेल इतपत ताण बहुतेक वेळा जमतो. पेनातली स्प्रिंग वापरून लोक निराश होतात, पण तिच्यात तार ती किती, थरथर गेली नाही तोवर परत आली, त्याला घुमणं म्हणत नाहीत. तार जितकी लांब आणि बारीक तितका उशीर जास्त. सप्तरंगी प्लॅस्टिकची स्लिंकी दिसायला छान, आवाजाच्या कामाची नाही, प्लॅस्टिक थरथर गिळून टाकतं, स्टीलचीच हवी. आणि जमल्यास दोन स्प्रिंगा घ्या, वेगवेगळ्या लांबीच्या, एकच असली की परत येणारा आवाज ठराविक अंतराने टकटक करतो, दोन असल्या की त्या एकमेकींच्या मधल्या जागा भरतात. कंपन्यांच्या डब्यांतही म्हणूनच दोन नाहीतर तीन स्प्रिंगा असतात.

बासरी किंवा गळ्याला स्प्रिंग कुठे अडकवणार, तर तिथे दोन डबे लागतात, एकात बासरीचा किंवा गळ्याचा आवाज जाऊ द्यायचा, मधे स्प्रिंग, दुसऱ्यातून ऐकायचं किंवा त्याच्यासमोर माइक ठेवायचा. डबा तोंडापासून हातभर लांब ठेवला तरी चालतो, पण बासरीपेक्षा गळ्याला जास्त चांगलं येतं.

ज्यांना वायरिंगची हौस आहे त्यांच्यासाठी पण बिघडलेल्या खेळण्यात सगळं असतं. बोलणाऱ्या बाहुलीतला छोटा स्पीकर काढायचा, त्याच्या कागदाच्या मधोमध स्प्रिंगेचं टोक चिकटवायचं, दुसऱ्या टोकाला बझरमधली पितळी पिएझो चकती, म्हणजे थरथरीची वीज करणारी, लावायची, स्पीकरला बॅटरीवरच्या छोट्या ॲम्प्लिफायरमधून वाद्याचा आवाज द्यायचा आणि पिएझोतून परत घ्यायचा. पिएझोला मेगओहमच्या घरातला, म्हणजे खूप जास्त रोध असलेला, इनपुट लागतो, थेट मिक्सरच्या लाइनमध्ये खुपसला की आवाज पत्र्यासारखा पातळ येतो आणि मग लोक स्प्रिंगेला नावं ठेवतात. स्प्रिंगेत पाठवण्याआधी खालचे जड सूर थोडे कापले तर चिखल कमी होतो. सगळं एका खोक्यात स्पंजावर टांगून ठेवायचं, नाहीतर टेबलाला गुडघा लागला की वीज पडल्यासारखा धडाम आवाज होतो, काही लोक तो मुद्दाम काढतात ती गोष्ट वेगळी. मूळ कोरडा आवाज पुढे ठेवायचा आणि हा मागून चोरपावलांनी आणायचा.

ॲपला माझा विरोध नाही, मीही वापरतो, रात्री शेजारी झोपल्यावर हेडफोनवर दुसरं काय करणार. पण ॲपमध्ये बोट सरकवून आवाज का बदलला ते कळत नाही, आणि इथे स्प्रिंग चिमटीत धरली की घुमणं थांबतं, सोडली की सुरू, लहान पोरालाही एका मिनिटात कळतं की आवाज म्हणजे हलणारी वस्तू आहे.

म्हणून विनंती अशी की तुमच्या मुलांच्या पानावर अधूनमधून दोन डबे आणि दोऱ्याचा टेलिफोन छापून येतो, पुढच्या वेळी त्यात दोऱ्याच्या जागी स्प्रिंग लावून दाखवा आणि तिचं एक टोक गिटारच्या किंवा व्हायोलिनच्या घोडीपर्यंत न्या. सोबत तीन सूचना मात्र टाका. चावीच्या गाडीतली पट्टीची गुंडाळलेली स्प्रिंग उघडू नये, ती सुटून हाताला, डोळ्याला लागते आणि ह्या कामाची पण नाही. भिंतीच्या प्लगवर चालणारा जुना ॲम्प्लिफायर मुलांनी उघडायचा नाही, बंद असला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये जोराचा झटका देण्याइतका विद्युतभार साठलेला असू शकतो. आणि आवाजाच्या खेळण्यांत, गाणाऱ्या ग्रीटिंग कार्डात बटण सेल असतात, ते आधी काढून लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवायचे, गिळला तर काही तासांत अन्ननलिका जळते, घरी उपाय करत न बसता ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं. पत्र मोठं झालंय, जागा नसेल तर हॅमंड आणि फेंडर कापा, बटण सेलची ओळ कापू नका.

आपला,
एक वाचक