शॉकअप निवडताना आधी गाडीवरचं रोजचं वजन पाहा

महोदय,

आपल्या वाहनविषयक पानावर जुन्या एसयूव्हीच्या देखभालीबद्दल आलेला लेख वाचला. इंजिन, क्लच आणि रेडिएटरबद्दल त्यात लिहिलेलं सगळं पटलं. एका वाक्याशी मात्र अडखळले. गाडी जुनी आणि जड असेल तर मिळतील त्यातले सर्वांत कडक, ‘हेवी ड्यूटी’ शॉक ॲब्सॉर्बर, म्हणजे बोलीतले शॉकअप, बसवा, असा सल्ला त्यात आहे. रोज वापरातल्या गाडीला हा सल्ला सरसकट लागू करू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे पत्र.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही अशा रुग्णांच्या घरी जाऊन उपचार करते. त्यासाठी रोज चालवते ती एसयूव्ही बऱ्यापैकी जुनी आहे: लॅडर चॅसिस (शिडीसारखा लोखंडी सांगाडा), पुढे टॉर्शन बार (पिळली जाऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी), मागे पाटे (एकावर एक पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग). डिकीत घडीचं टेबल आणि उपकरणांच्या दोन पेट्या असतात आणि गाडीत बहुतेक वेळा मी एकटीच. म्हणजे गाडीच्या वजन पेलण्याच्या क्षमतेच्या मानाने ती जवळजवळ रिकामीच धावते. शॉकअप बदलायची वेळ आली तेव्हा मलाही दुकानात तोच सल्ला मिळाला होता. मी तो मानला नाही. त्याची कारणं माझ्या व्यवसायातही आहेत आणि गाडीच्या खालीही.

शॉकअप गाडीचं वजन पेलत नाही, ते काम स्प्रिंगचं किंवा पाट्यांचं. दार आपटू न देणाऱ्या डोअर क्लोजरसारखा तो फक्त हालचालीला आवर घालतो. आतला पिस्टन तेलातून वरखाली होतो, तेलाला बारीक भोकांतून आणि पातळ पत्र्यांच्या व्हॉल्व्हमधून वाट काढावी लागते आणि हालचालीतली ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. खडबडीत रस्त्यावरून आल्यावर चांगला शॉकअप हाताला गरम लागतो तो त्यामुळेच.

आता कडकपणाचं गणित. स्प्रिंगवर बसलेली गाडीची बॉडी सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा डोलते. चाक आणि ॲक्सल यांचं थरथरणं बरंच जलद, सेकंदाला साधारण 10 ते 15 वेळा. शॉकअपला ही दोन्ही आवरायची असतात. पण बसलेल्या माणसाचं शरीर उभ्या दिशेने येणाऱ्या ज्या कंपनांना सर्वांत जास्त संवेदनशील असतं, ती सेकंदाला साधारण 4 ते 8 अशी, म्हणजे नेमकी या दोहोंच्या मधली. शॉकअप कडक केला की बॉडीचं डोलणं कमी होतं, चाकाचं थरथरणंही कमी होतं, मात्र या मधल्या पट्ट्यातली कंपनं आधीपेक्षा जास्त प्रमाणात सीटपर्यंत पोचतात. पाठीच्या कण्याला त्रास होतो तो इथे. म्हणून आरामदायी गाड्यांचे शॉकअप मुद्दाम डोलणं ताबडतोब थांबवणारे नसतात, थोडं डोलू देणारे असतात. गाडी बनवणाऱ्यांनी ही तडजोड विचार करून केलेली असते. गाडी जुनी झाली म्हणून ती चुकीची ठरत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची, कारण तिचा संबंध ब्रेकशी आहे. शॉकअप दाबला जाताना वेगळा विरोध करतो आणि ताणला जाताना वेगळा. बहुतेक गाड्यांत ताणतानाचा विरोध जास्त ठेवलेला असतो, कारण दबलेल्या स्प्रिंगची ताकद आवरायची असते. ओझं वाहण्यासाठी बनवलेल्या शॉकअपमध्ये हा ताणतानाचा विरोध आणखी वाढवलेला असतो. तो हलक्या गाडीला बसवला आणि रस्त्यावर ओळीने उंचवटे आले, की पहिल्या उंचवट्यावर वर गेलेलं चाक पुरतं खाली यायच्या आत दुसरा उंचवटा येतो. असं होत होत सस्पेन्शन दबूनच राहतं, गाडी बंप स्टॉपवर, म्हणजे सस्पेन्शनची हालचाल शेवटी अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, आपटू लागते आणि मधल्या क्षणांत टायरचा रस्त्यावरचा दाब घटतो. त्या क्षणी ब्रेक दाबला तर एबीएस असूनही काही उपयोग नाही, पकड नसेल तिथे एबीएस ती निर्माण करू शकत नाही. सैल, संपलेल्या शॉकअपनेही पकड जाते आणि नको इतक्या कडक शॉकअपनेही जाते. लेखात पहिली बाजू उत्तम मांडली आहे. दुसरीचा उल्लेख यायला हवा होता.

म्हणून माझी विनंती अशी की शॉकअपचा खोका उघडण्याआधी वाचकांना गाडीखाली वाकायला सांगा. सपाट जागी गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांत मोजावं. मागचा भाग बसलेला असेल तर दोष पाट्यांचा किंवा कॉइल स्प्रिंगचा आहे, कोणताही साधा शॉकअप तो भाग उचलून धरणार नाही. पुढे टॉर्शन बार असेल आणि आधीच्या मालकाने बोल्ट पिळून गाडी उंच केलेली असेल, तर चाकाला खाली जायला जागाच उरत नाही आणि नवा शॉकअपही दर खड्ड्यात पूर्ण ताणला जाऊन ठोके देतो. पाट्यांमध्ये गंज आणि माती भरली की ते एकमेकांवर सरकेनासे होतात. अशी गाडी दगडासारखी चालते आणि बोल मात्र शॉकअपला लागतात. खडखड आवाज तर कित्येकदा सस्पेन्शनच्या सांध्यांचा, म्हणजे बुश, लिंक रॉड किंवा बॉल जॉइंटचा असतो.

शॉकअप खरोखर गेलाय का, हेही नीट पाहायला हवं. बंपर दाबून सोडायचा आणि गाडी किती वेळा हलते ते मोजायचं, ही सगळ्यांना ठाऊक असलेली चाचणी जड एसयूव्हीवर फार काही सांगत नाही. हाताच्या दाबाने होणारी हालचाल संथ असते आणि पाट्यांचं आपसातलं घर्षणच ती थांबवतं. चाचणीत गाडी डोलत राहिली तर शॉकअप नक्की संपलाय, पण लगेच थांबली म्हणून तो चांगला आहे असं ठरत नाही. त्यापेक्षा टायरवरून तळहात फिरवावा. घेराभर थोड्या थोड्या अंतरावर खोलगट झीज लागली तर बॅलन्सिंग तपासून मग शॉकअपकडे वळावं. तेलाची पातळ ओलसर झाक वरच्या भागावर असणं बिघाड नव्हे, कारण रॉडबरोबर थोडं तेल सीलबाहेर येतंच. ओघळ खालपर्यंत आले असतील, थेंब धरत असतील, तर मात्र तो बाद. खराब रस्त्यावरून आल्यावर एकाच ॲक्सलचे डावे-उजवे शॉकअप हाताने चाचपले आणि एक गरम, दुसरा गार लागला, तर गार असलेला काम करत नाही असं समजायला हरकत नाही. सायलेन्सरपासून हात जपावा.

आता प्रकारांविषयी. बाजारात मुख्यतः दोन घडणी मिळतात. ट्विन ट्यूबमध्ये एकात एक दोन नळ्या असतात. आतल्या नळीत पिस्टन, बाहेरच्या नळीत जादा तेल आणि त्यावर कमी दाबाचा वायू, बहुधा नायट्रोजन. जुन्या प्रकारात तिथे साधी हवाच असते, सतत हेलकावे बसले की ती तेलात मिसळून फेस होतो आणि शॉकअप तात्पुरता ढिला पडतो. मोनोट्यूबमध्ये एकच नळी, तिच्यात सरकता विभाजक पिस्टन आणि त्याच्या पलीकडे साधारण 20 बार (एक बार म्हणजे जवळजवळ वातावरणाइतका दाब) किंवा त्याहून अधिक दाबाचा नायट्रोजन. ही कल्पना फ्रान्समधल्या दे कार्बों यांची. जर्मन कंपनी बिल्स्टाइनने 1950 च्या दशकात तिचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलं. तेल थेट बाहेरच्या नळीला टेकलेलं असल्याने उष्णता लवकर बाहेर जाते आणि लांबवर खडबडीत रस्ता असला तरी काम एकसारखं राहतं. पण त्याच नळीत पिस्टन फिरत असल्यामुळे दगड लागून तिला पोचा पडला तर शॉकअप अडकतो. ट्विन ट्यूबच्या बाहेरच्या नळीला पोचा पडला तरी आतली बहुधा शाबूत राहते. मोनोट्यूबचा दाब रॉडला कायम बाहेर ढकलत असतो, त्यामुळे हलकी गाडी किंचित उचलली जाते आणि बारीक खाचखळगेही जाणवू लागतात.

यातलं कोणतं घ्यायचं, हे माणूस गाडी कशी वापरतो त्यावर ठरतं. सुट्टीतल्या एखाद्या डोंगरी प्रवासावरून ते ठरवू नये, रोजच्या वजनावरून ठरवावं. डिकीत कायम अवजारं असतील, मागे ट्रेलर ओढायचा असेल, कच्च्या रस्त्यावर सलग तासन् तास चालवायचं असेल, तर मोनोट्यूब किंवा ओझ्यासाठीचा शॉकअप खरंच योग्य, आणि त्याच्या जोडीला तशीच स्प्रिंगही हवी. माझ्यासारखी एकदोन माणसं, थोडं सामान आणि बहुतेक डांबरी रस्ता असेल, तर मूळ मापाचा, कमी दाबाच्या वायूचा ट्विन ट्यूब पुरेसा आहे. एकाच कंपनीत दोन्ही घडणी मिळतात. केवायबी या जपानी कंपनीचा एक्सेल-जी ट्विन ट्यूब आहे, गॅस-अ-जस्ट मोनोट्यूब. त्यामुळे नुसतं कंपनीचं नाव सांगून वाचकाला दिशा मिळत नाही. मी ट्विन ट्यूब निवडले आणि गाडी मला हवी तशी चालते: ब्रेक लावल्यावर नाक खुपसत नाही, आणि दिवस संपताना माझी कंबर भरून येत नाही.

लांबीची बाब लेखातून पूर्ण सुटली, आणि खरं नुकसान तिथेच होतं. उंच केलेल्या गाडीसाठीचे लांब शॉकअप मूळ उंचीच्या गाडीला ‘बसतात’, कारण बोल्टची भोकं सारखीच असतात. पण मोठ्या खड्ड्यात बंप स्टॉप टेकायच्या आधी शॉकअपच आतून पूर्ण दबतो आणि सगळा मार त्याच्या व्हॉल्व्हवर किंवा तो चॅसिसला जिथे अडकवलेला असतो त्या कानावर येतो. उलट उंच केलेल्या गाडीला मूळ लांबीचे लावले तर चाक खाली जाताना शॉकअपच दोरीसारखा ताणून धरतो. पूर्ण ताणलेली आणि पूर्ण दबलेली लांबी, ही दोन मापं दुकानात मागितलीच पाहिजेत. काही एसयूव्हींना मागे निव्होमॅटसारखे स्वतः उंची राखणारे शॉकअप मूळचे असतात. ते थोडं वजनही पेलतात, म्हणून त्यांच्या जागी साधे लावायचे तर स्प्रिंगही बदलावी लागते. पुढे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र बसवलेला भाग) असतील तर वरचं माउंट आणि त्याचं बेअरिंग त्याच वेळी पाहावं, नंतर चाकांची अलाइनमेंट करावी. दाबलेली स्प्रिंग घरी सोडवण्याचा प्रयत्न कोणी करू नये, ती जीव घेऊ शकते.

बसवण्याबद्दल माझा आग्रह जरा जास्त आहे, कारण चांगले शॉकअप इथेच वाया जातात. एका ॲक्सलचे दोन्ही एकदम बदलावेत. ट्विन ट्यूब खोक्यात आडवा पडलेला असतो, तो उभा धरून काही वेळा पूर्ण दाबून-ताणून घ्यावा म्हणजे आतल्या नळीत शिरलेली हवा निघते. रॉड पक्कडीने धरू नये, त्यावर उठलेला ओरखडा पुढे सील फाडतो. शॉकअपच्या टोकाच्या कडीत रबरी बुश असतं, तिथले बोल्ट गाडी जॅकवर, चाकं लोंबत असताना घट्ट करू नयेत. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन येऊ देऊन मग शेवटचा पिळा द्यावा. नाहीतर बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं. माझा मेकॅनिक हे काम गाडी रॅम्पवरून उतरवून, गॅरेजातल्या खड्ड्यात उभा राहून करतो. घाईच्या गॅरेजात हा टप्पा गाळला जातो, म्हणून गाडीमालकाने तिथे थांबून विचारावं. गाडीची उंची जराशी बदलली असेल तर हेडलाइटचा रोखही तपासून घ्यावा, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांचा तो प्रश्न आहे. काढलेले वायूचे शॉकअप गॅसकटरने कापू किंवा तापवू देऊ नयेत, आतल्या दाबाने ते फुटतात.

संपादक महोदय, आपला लेख वाचून कित्येक जण नेमके याच खरेदीसाठी दुकानात जाणार आहेत. त्याच पानावर एक छोटी पुरवणी द्यावी, ही विनंती. शॉकअप विकणाऱ्या कंपन्यांना आपल्या वार्ताहरांनी तीन गोष्टी विचाराव्यात: हा शॉकअप किती वजनाच्या वापरासाठी बनवला आहे, त्याची पूर्ण ताणलेली व पूर्ण दबलेली लांबी किती, आणि मूळ शॉकअपच्या तुलनेत दाबतानाचा व ताणतानाचा विरोध किती बदललेला आहे. ही उत्तरं मॉडेलनिहाय छापली, तर ‘हेवी ड्यूटी’ या दोन शब्दांवर कोणाला खरेदी करावी लागणार नाही.

आपली,
एक नियमित वाचक