तुझी पोटरी आणि वहिनींच्या शिरा

जळगाव

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू एका दमात दोन तक्रारी सांगितल्यास. चालताना तुझी पोटरी भरून येते आणि वहिनींच्या पायांवर निळ्या शिरा गाठी धरून वर आल्या आहेत. दोन्हींना तू वात म्हणालास, आणि गावात कोणी तुम्हा दोघांसाठी एकच तेल व एकसारखे घट्ट मोजे सुचवले असल्याचेही सांगितलेस. म्हणून सवडीने लिहीत आहे. तुम्हा दोघांचे दुखणे एकमेकांच्या अगदी उलटे आहे, असा माझा दाट संशय आहे आणि वहिनींना जे मोजे मानवतील तेच तुझ्या पायाला घातक ठरू शकतात.

आधी तुझ्याविषयी. बागेच्या बांधावरून ठराविक अंतर चाललास की पोटरी आवळते, उभा राहिलास की दोन-तीन मिनिटांत उतरते आणि पुन्हा तेवढेच चालल्यावर परत धरते, असे तू म्हणालास. हे पायाला शुद्ध रक्त नेणारी धमनी अरुंद झाल्याचे लक्षण आहे. मणक्यातील नस दबली असती तर नुसते उभे राहून भागले नसते, बसावे किंवा वाकावे लागले असते. त्यात तुला बारा वर्षांपासून मधुमेह आहे आणि तंबाखूची पुडी तुझ्या खिशातून कधी गेलेली नाही. धमनीच्या आतल्या भिंतीवर चरबी आणि चुन्याचे थर साचण्यास याहून अधिक कारणे लागत नाहीत. आपल्याकडे बिडी ओढणाऱ्या तरण्या माणसांच्या पायाच्या धमन्या बंद पडून बोटे काळी पडलेली मी पाहिली आहेत, म्हणून तंबाखूबाबत मी तुला कोणतीही सवलत देणार नाही.

याची पहिली तपासणी अगदी साधी आहे. दोन्ही हातांचा आणि दोन्ही घोट्यांचा रक्तदाब मोजायचा आणि घोट्याच्या आकड्याला हाताच्या आकड्याने भागायचे. भागाकार १ ते १.४ आला तर ठीक, ०.९ किंवा त्याखाली आला तर धमनीत अडथळा आहे आणि ०.४ च्या खाली गेला तर पाय धोक्यात आहे. मधुमेहात मात्र धमन्या चुन्याने कडक होऊन पट्ट्याने दबतच नाहीत आणि आकडा फसवा, १.४ च्याही वर येतो. तुझ्या बाबतीत मला हीच शंका असल्याने केवळ या आकड्यावर मी थांबणार नाही, डॉपलर सोनोग्राफी करणारच.

तू विचारलेस की नुसत्या आवाजाने रक्त कसे दिसते. ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ ख्रिस्तियन डॉपलर यांनी १८४२ साली प्राग येथे जुळ्या ताऱ्यांच्या रंगांविषयी जो सिद्धान्त मांडला, तोच येथे कामी येतो. कानाला ऐकू न येणारा ध्वनी आम्ही पायात सोडतो. वाहत्या रक्तातील तांबड्या पेशींवर आपटून तो परततो तेव्हा त्याची कंप्रता, म्हणजे दर सेकंदाची कंपने, बदललेली असते आणि त्या बदलावरून रक्ताचा वेग काढता येतो. पाणी सोडलेल्या पाइपाच्या तोंडावर बोट दाबले की धार जोरात उडते, तसे धमनी जेथे अरुंद होते तेथे रक्ताचा वेग एकदम वाढतो. जांघेत जेल लावून प्रोब, म्हणजे ध्वनी सोडणारा आणि परतलेला टिपणारा यंत्राचा हातात धरायचा भाग, ठेवला की निरोगी धमनीतल्या वेगाचा आलेख उंच चढतो, क्षणभर उलटा जातो आणि पुन्हा किंचित वर येतो. अडथळ्याच्या पुढे तोच आलेख बुटका आणि पसरट होतो, आवाजातली ठसठशीत थाप जाऊन नुसती मंद हुंकारासारखी ओढ ऐकू येते. पडद्यावर लाल-निळे दिसेल, पण लाल म्हणजे धमनी असे समजू नकोस, रंग केवळ प्रवाह प्रोबच्या दिशेने येतो की दूर जातो एवढेच सांगतो. प्रोबचा कोन ६० अंशांपेक्षा अधिक झाला तर वेगाचा आकडा बिघडतो, म्हणून यंत्रापेक्षा ते धरणारा हात महत्त्वाचा, हे मी नव्या मुलांना सतत सांगत असतो.

आता वहिनी. दिवसभर चुलीपाशी आणि शेतात उभे राहिल्यावर संध्याकाळी पाय जड होतात, सुजतात आणि उशीवर ठेवून पडले की हलके वाटतात, हे सारे शिरांचे लक्षण आहे. शिरांमधल्या झडपा नीट मिटेनाशा झाल्या की वर चढायचे रक्त पुन्हा खाली घसरते. म्हणून तुला मी आडवे झोपवून तपासेन आणि त्यांना उभे करून. पोटरी हाताने दाबून सोडल्यावर वरवरच्या शिरेत अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ रक्त उलटे वाहिले तर झडप निकामी आहे असे आम्ही धरतो. घोट्याच्या आतल्या बाजूची त्यांची कातडी काळपट होऊ लागली आहे, हे मला आवडलेले नाही. तेथे जखम झाली तर ती महिनोन्महिने भरत नाही. आज लेसरने ती शीर आतून बंद करता येते आणि तोवर दाबाचे मोजे चांगला उपयोग करतात. धमनी अरुंद असलेल्या पायाला मात्र तेच मोजे मुळात कमी असलेले रक्त आणखी रोखतात, म्हणून तपासणीपूर्वी तू ते घालू नकोस. गरम विटेने शेकूही नकोस. मधुमेहात पायाला चटका कळत नाही.

आणखी एक गोष्ट घरात सर्वांना सांगून ठेव. ऑपरेशननंतर, फार दिवस अंथरुणात पडल्यावर किंवा बाळंतपणाच्या सुमारास कोणाचा एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर त्याला मालिश करू देऊ नका. खोलवरच्या शिरेत गुठळी झालेली असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस दगावतो. प्रोबने दाबल्यावर निरोगी शीर पूर्ण चपटी होते, गुठळी असलेली होत नाही. एवढ्यावर निदान होते, आणि ते त्याच दिवशी व्हायला हवे.

पायाची धमनी खराब असेल तर हृदयाच्या आणि मानेच्या धमन्याही संशयाखाली येतात. तुझी मान मी त्याच वेळी पाहीन आणि पोटातली महाधमनीही, कारण तिची रुंदी ३ सेंटीमीटरच्या पुढे गेली की तिला फुगा म्हणतात आणि तो गुपचूप वाढत राहतो.

अडथळा मध्यम निघाला तर चाकूची गरज नाही. तंबाखू बंद, रक्त पातळ ठेवणारी आणि रक्तातली चरबी कमी करणारी गोळी, साखर ताब्यात, आणि दुखेपर्यंत चालून थांबून पुन्हा चालण्याचा रोजचा नेम एवढ्याने पुष्कळांचे अंतर वाढते. पण रात्री पडल्या जागी पाऊल ठणकू लागले आणि खाटेखाली लोंबकळत ठेवल्यावरच बरे वाटू लागले, किंवा बोटाला न भरणारी जखम झाली, तर केळीची कापणी चालू असली तरी त्याच दिवशी निघ.

एरवी येत्या सोमवारी दोघेही सकाळच्या एसटीने या. पोटाची तपासणी असल्याने तू उपाशीपोटी ये, मात्र साखरेची गोळी रिकाम्या पोटी घेऊ नकोस, सोबत आण. साखरेचे आणि मूत्रपिंडाचे जुने रिपोर्टही आण, कारण पुढे रंगद्रव्य देऊन स्कॅन करावा लागला तर ते पाहावे लागतील. तपासणी झाली की आमच्याकडेच जेवायचे आहे, वहिनींनी डबा बांधू नये.

तुझा,
मित्र