तबला टाइप करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपतीची गाणी हल्ली घरच्या संगणकावर तयार होतात आणि तबला वाजतो सॅम्पल लायब्ररीतून, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या एकेका आघाताच्या संग्रहातून. ऐकणारा लगेच ओळखतो, हे मशीन आहे. दोष बहुतेक वेळा लायब्ररीचा नसतो. तिच्यात खऱ्या वादकाच्या हातचे बोल असतात. आपण ते टाइप केल्यासारखे मांडतो.

साधा केरवा घ्या : धा गे ना ती, न क धिं ना. आठही बोलांना व्हेलॉसिटी (आघाताचा जोर) १०० दिली की ठेका मेलाच. १ ते १२७ मधला हा आकडा नुसता आवाज लहानमोठा करत नाही. चांगल्या लायब्ररीत हलक्या आणि जोरकस आघातांची रेकॉर्डिंग वेगवेगळी असतात. त्यांतले कोणते वाजणार, हे तो ठरवतो. समेच्या 'धा'ला ११० आणि 'न', 'क'ला ५०-६० देऊन पाहा. राउंड रॉबिनही (एकाच बोलाची वेगवेगळी रेकॉर्डिंग आळीपाळीने वाजवणे) चालू हवे, नाहीतर प्रत्येक 'ना'ला तोच तुकडा वाजतो आणि लग्गीत (ठेक्याच्या जलद भागात) टाइपरायटर ऐकू येतो.

सर्वांत जास्त राहून जाते ती गोष्ट म्हणजे म्यूट ग्रुप : त्यातला एक आवाज सुरू झाला की दुसरा तुटतो. बायावर (डाव्या हाताच्या डग्ग्यावर) 'क' म्हणजे पंजा सपाट पडतो आणि 'गे'ची घुमक तिथेच थांबते. संगणकाला हे सांगावे लागते. 'गे' आणि 'क' एका ग्रुपमध्ये नसतील, तर घुमक 'क'च्या खालून वाहत राहते आणि खालचा सगळा भाग गढूळ होतो. मग लोक इक्यू (आवाजातले खालचे-वरचे भाग कमीजास्त करणारे साधन) फिरवत बसतात!

पट्टीचेही (पेटीच्या ज्या सुरात तबला लावतात त्याचेही) तसेच. काळी एकचा तबला काळी चारला नेणे म्हणजे सात अर्धस्वर वर. साध्या पद्धतीने चढवला तर सॅम्पल दीडपट वेगाने पळते, 'ना'ची आस (मागे रेंगाळणारा नाद) दोन तृतीयांश वेळात संपते आणि पुडी (तबल्याचे कातडे) खेळण्यातली वाटते. एक-दोन अर्धस्वरांपलीकडे ओढू नये. त्या पट्टीत लावलेल्या तबल्याची सॅम्पल्स घ्यावीत.

पेटीला भात्याचा दाब हवा, म्हणून तिथे व्हेलॉसिटीपेक्षा एक्स्प्रेशन (सीसी ११, सूर चालू असताना आवाज कमीजास्त करणारा कंट्रोल) हलवा. बासरीच्या मींडेचे (एका सुरातून दुसऱ्यात घसरत जाण्याचे) मात्र अवघड आहे. पिच बेंड (सूर वरखाली वाकवणारा कंट्रोल) सहसा दोनच अर्धस्वर जातो, 'सा' ते 'म'ला पाच लागतात. त्याची रेंज १२ अर्धस्वर केली की सूर पोहोचतो, पण फुंक गोठलेलीच राहते. तेवढ्या दोन ओळींसाठी तरी बासरीवाल्याला बोलवा.

– एक संगीत संयोजक, पुणे