अळिंबीचा अर्क आणि पांढऱ्या पेशी

मा. संपादक,
स. न.

श्रावणात वारुळाभोवती निघणाऱ्या सात्या या रानटी अळिंब्या (मशरूम) आमच्या पूर्व विदर्भात घरोघरी आवडीने खाल्ल्या जातात, त्यामुळे अळिंबीविषयी आमच्या मनात मुळातच विश्वास आहे. त्याच विश्वासावर सध्या खेड्यापाड्यांत ‘रिशी’ अळिंबीच्या कॅप्सूल ‘प्रतिकारशक्ती जागवून कर्करोग बरा करतात’ असे सांगून विकल्या जात असून, खर्ऱ्यामुळे (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणामुळे) तोंडाचा कर्करोग झालेला माणूस ज्या घरात आहे तेथे विक्रेते हमखास पोहोचतात. माझ्या शेजारी याच भरवशावर केमोथेरपीच्या दोन तारखा चुकल्या, म्हणून हे पत्र.

विक्रेत्यांच्या बोलण्यात विज्ञानाचा अंश आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. अळिंबीच्या पेशीभित्तिकेत बीटा-ग्लुकन नावाची शर्करेची लांब साखळी असते; ती मानवी शरीरात तयार होत नसल्याने रोगजंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींवरील (भक्षक पेशींवरील) डेक्टिन-१ हा ग्राही, म्हणजे ओळख पटवणारा रेणू, तिला ओळखतो, बुरशीचा शिरकाव झाल्याप्रमाणे ती पेशी सावध होते आणि सायटोकाइन ही संदेशवाहक प्रथिने स्रवून इतर पेशींनाही जागे करते. परंतु प्रयोगशाळेत अर्क थेट पेशींवर टाकला जातो, तर कॅप्सूल पोटात जाते, जिथे बीटा-ग्लुकन पचवणारे विकर (एन्झाइम) माणसाकडे नाही आणि एवढा मोठा रेणू रक्तात फारसा उतरत नाही. शिवाय अर्कात जिवाणूंचे अंश राहिले तरी पेशी तशाच चेतवल्या जातात, म्हणून काळजीपूर्वक केलेल्या प्रयोगात ती शक्यता आधी तपासावी लागते. शिताके अळिंबीतील लेंटिनानला जपानने १९८५ मध्ये जठराच्या कर्करोगासाठी मान्यता दिली, तीही शुद्ध केलेले इंजेक्शन म्हणून आणि केमोथेरपीच्या जोडीला. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या रिशीवरील आढाव्यानेही तिला कर्करोगाचा मुख्य उपचार मानण्याइतका पुरावा नसल्याचे नोंदवले आहे.

रिशीची पूड घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. केमोथेरपी चालू असताना यकृत आधीच ताणाखाली असू शकते; त्यामुळे डॉक्टरांपासून लपवून कॅप्सूल देणे मला विशेष धोक्याचे वाटते.

कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याने बंदी आहे, आणि डबीवरील अन्न परवान्याचा क्रमांक म्हणजे औषधाची मान्यता नव्हे. अन्न व औषध प्रशासनाने आठवडी बाजारांतून व घरोघरी वाटली जाणारी या कॅप्सूलची पत्रके तपासावीत, आणि आशाताईंनी कर्करोगाच्या रुग्णांच्या घरी जाताना अशा डब्यांविषयी आवर्जून विचारावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, जि. भंडारा