६० दिवसांची मुदत आणि ३४ सिनेटर

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष एखाद्या देशावर हल्ल्याचा आदेश देतात, तेव्हा बातम्यांत विमाने, क्षेपणास्त्रे आणि तेलाचे भाव यांविषयी भरभरून लिहिले जाते. असा आदेश देण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला, हा प्रश्न मात्र बातमीच्या तळाशी एखाद्या वाक्यात उरकला जातो. जून २०२५ मध्ये इराणमधील फोर्दो, नतान्झ आणि इस्फहान येथील अणुकेंद्रांवर अमेरिकेने बॉम्ब टाकले, तेव्हाही हेच घडले. त्या कारवाईला अमेरिकी काँग्रेसची, म्हणजे प्रतिनिधिगृह आणि सिनेट या दोन सभागृहांच्या तेथील संसदेची, पूर्वमंजुरी नव्हती, आणि पुढील कारवाईसाठी मंजुरी बंधनकारक करू पाहणारा ठराव काही दिवसांतच सिनेटमध्ये ४७ विरुद्ध ५३ मतांनी फेटाळला गेला. माझ्या मते या गोष्टीला बातमीत अग्रस्थान मिळायला हवे होते, म्हणून हे पत्र.

अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदात युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसला दिला आहे आणि दुसऱ्या अनुच्छेदात राष्ट्राध्यक्षांना सरसेनापती केले आहे. ही विभागणी जाणीवपूर्वक केलेली होती. १७८७ मध्ये फिलाडेल्फियाच्या घटना-अधिवेशनात मसुद्यातील ‘युद्ध करणे’ हे शब्द बदलून तेथे ‘युद्ध पुकारणे’ असे शब्द घालण्याची सूचना जेम्स मॅडिसन आणि एलब्रिज गेरी या प्रतिनिधींनी मांडली. अचानक झालेला हल्ला परतवण्याची मोकळीक राष्ट्राध्यक्षांना राहावी, एवढाच तिचा हेतू होता. पुढे १७९८ मध्ये जेफरसन यांना लिहिलेल्या पत्रात मॅडिसन यांनी कारणही स्पष्ट केले: युद्धात सर्वाधिक रस कार्यकारी सत्तेलाच असतो आणि तिचाच कल त्याकडे अधिक असतो, म्हणून घटनेने हा प्रश्न विचारपूर्वक विधिमंडळाच्या हाती सोपवला आहे.

काँग्रेसने औपचारिकरीत्या युद्ध पुकारल्याचा अखेरचा प्रसंग जून १९४२ मधला, बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानिया यांच्याविरुद्धचा. त्यानंतर १९५० मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी काँग्रेसकडे न जाता कोरियात सैन्य उतरवले आणि त्याला ‘पोलिसी कारवाई’ म्हणणे मान्य केले. त्या कारवाईत सुमारे ३६ हजार अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. ऑगस्ट १९६४ मध्ये व्हिएतनामलगतच्या टोंकिनच्या आखातात अमेरिकी जहाजांवर हल्ले झाल्याच्या वृत्तावर विसंबून काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना जवळजवळ कोरा धनादेशच दिला. प्रतिनिधिगृहात विरोधात एकही मत पडले नाही आणि सिनेटमध्ये केवळ मोर्स आणि ग्रुएनिंग या दोघांनी विरोध केला. ज्या दोन हल्ल्यांचा आधार घेतला गेला, त्यांपैकी दुसरा झालाच नव्हता, हे आज सर्वमान्य आहे; परंतु तोवर व्हिएतनाममध्ये ५८ हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक आणि त्यांच्या कित्येक पटींनी व्हिएतनामी माणसे मारली गेली होती.

त्या अनुभवातून, कंबोडियावरील गुप्त बॉम्बफेक उघडकीला आल्यानंतर, ७ नोव्हेंबर १९७३ रोजी ‘युद्धाधिकार ठराव’ नावाचा कायदा झाला. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्यावर नकाराधिकार वापरला होता. प्रतिनिधिगृहाने २८४ विरुद्ध १३५ आणि सिनेटने ७५ विरुद्ध १८ मतांनी तो झुगारून दिला. सैन्य लढाईत उतरवल्यापासून ४८ तासांत राष्ट्राध्यक्षांनी काँग्रेसला लेखी अहवाल द्यावा, ६० दिवसांत मंजुरी न मिळाल्यास लढाई थांबवावी, आणि सैन्य सुखरूप मागे घेण्यासाठी फार तर आणखी ३० दिवस घ्यावेत, असा हा कायदा आहे. त्यात आणखी एक कलम होते आणि तेच सर्वांत धारदार होते: दोन्ही सभागृहांनी साध्या बहुमताने ठराव केला, तर राष्ट्राध्यक्षांच्या सहीवाचून सैन्य परत बोलावता येत होते.

ती धार १९८३ मध्ये गेली. एका परदेशी विद्यार्थ्याच्या हद्दपारीशी संबंधित, युद्धाशी काहीही संबंध नसलेल्या चढ्ढा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, राष्ट्राध्यक्षांपुढे न मांडलेल्या ठरावाला कायद्याचे बळ असू शकत नाही. तेव्हापासून युद्ध थांबवण्याचा ठराव त्याच राष्ट्राध्यक्षांकडे सहीसाठी जातो, ज्यांनी ते युद्ध सुरू केले. त्यांनी नकाराधिकार वापरला की दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मते जमवावी लागतात. याचा व्यवहारातला अर्थ असा की, शंभर जणांच्या सिनेटमध्ये ३४ सदस्य पाठीशी असले, तरी राष्ट्राध्यक्षांना लढाई चालू ठेवता येते. घटनाकारांनी युद्धात उतरण्यासाठी बहुमताची अट घातली होती. आज युद्धातून बाहेर पडण्यासाठी दोनतृतीयांश बहुमत लागते. घटनेचा एक शब्दही न बदलता ती अशी उलटी झाली, याची खंत मला बातम्या वाचताना दरवेळी जाणवते.

हा केवळ तर्क नाही. येमेनमधील युद्धात सौदी अरेबियाच्या आघाडीला दिली जाणारी मदत थांबवण्याचा ठराव २०१९ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केला, ट्रम्प यांनी नकाराधिकार वापरला, आणि तो मोडण्यासाठी सिनेटमध्ये ५३ विरुद्ध ४५ मते पडूनही काही उपयोग झाला नाही. अमेरिकेने इराणचे जनरल सुलेमानी यांची हत्या केल्यानंतर २०२० मध्ये इराणबाबत झालेल्या ठरावाचीही तीच गत झाली.

याचा दोष एकाच पक्षाच्या माथी मारता येणार नाही. १९९९ मध्ये क्लिंटन यांच्या काळात कोसोव्होसाठीचे हवाई युद्ध ७८ दिवस, म्हणजे मुदतीच्या पलीकडे चालले, आणि त्याला पाठिंबा देणारा ठराव प्रतिनिधिगृहात २१३ विरुद्ध २१३ अशा समसमान मतांमुळे पडला होता. २०११ मध्ये लीबियात ६० दिवस उलटल्यावर ओबामा प्रशासनाने असा युक्तिवाद केला की, तेथील कारवाईचे मर्यादित स्वरूप पाहता कायद्याला अभिप्रेत असलेली ‘लढाई’ तेथे चालूच नाही. आकाशातून बॉम्ब पडत असताना केलेला हा शब्दच्छल मला आजही अस्वस्थ करतो. ४८ तासांच्या अहवालांतही ‘ठरावानुसार’ असे न लिहिता ‘ठरावाशी सुसंगत राहून’ असे लिहिण्याची रीत पडली आहे, म्हणजे कायद्याचे बंधन मान्य केल्यासारखे होत नाही.

काँग्रेसचे सदस्यही यात तितकेच जबाबदार आहेत. युद्धाच्या बाजूने मत दिले आणि ते फसले तर ते मत जन्मभर पाठ सोडत नाही, आणि विरोधात मत दिले तर देशभक्तीवर शंका घेतली जाते. त्यामुळे मतदानच न होणे अनेकांच्या सोयीचे ठरते. ११ सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर त्याच महिन्यात झालेल्या, लष्करी बळ वापरण्याच्या अधिकारपत्राला प्रतिनिधिगृहात एकट्या बार्बरा ली यांनी विरोध केला. त्या अधिकारपत्रावर कालमर्यादा नव्हती, आणि पुढच्या राष्ट्राध्यक्षांनी अफगाणिस्तानपासून फार दूरच्या देशांतील कारवायांसाठीही त्याचाच आधार घेतला.

यावर नेहमी असे म्हटले जाते की, संकटकाळी चर्चा करत बसायला वेळ नसतो. हा आक्षेप प्रामाणिक आहे, परंतु त्याचे उत्तर जर्मनीच्या २००५ च्या कायद्यात सापडते. तेथे परदेशी सशस्त्र मोहिमेसाठी संसदेची पूर्वसंमती लागते. प्रसंग तातडीचा असेल तर सैन्य आधी पाठवता येते, मात्र संमती लगेच मागावी लागते आणि ती नाकारली गेली तर मोहीम थांबवावी लागते. ब्रिटनमध्ये ही केवळ प्रथा आहे. २०१३ मध्ये सीरियावरील कारवाईचा प्रस्ताव २७२ विरुद्ध २८५ मतांनी पडला आणि पंतप्रधान कॅमेरून यांनी तो कौल मानला. २०१८ मध्ये मात्र संसद सुट्टीवर असताना पंतप्रधान थेरेसा मे यांनी मतदानाविना हल्ले केले.

जर्मन कायद्यातले मर्म असे की, तेथे संसदेची संमती नसेल तर मोहीम संपते. अमेरिकेत काँग्रेस गप्प बसली तर युद्ध चालू राहते. हाच फरक दूर करण्याचा प्रयत्न २०२१ मध्ये क्रिस मर्फी, माइक ली आणि बर्नी सँडर्स या एक डेमोक्रॅट, एक रिपब्लिकन आणि एक अपक्ष अशा तीन सिनेटरांनी मांडलेल्या विधेयकात होता. मुदत ६० ऐवजी २० दिवसांची करावी, ‘लढाई’ या शब्दाची व्याख्या कायद्यातच द्यावी, आणि मंजुरी न मिळाल्यास कारवाईचा निधी आपोआप थांबावा, अशा त्यातील तरतुदी होत्या. निधीची तरतूद मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण आग्नेय आशियातील बॉम्बफेक १५ ऑगस्ट १९७३ रोजी थांबली ती काँग्रेसने पैसा तोडल्यामुळेच. त्या विधेयकाचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

आपल्याला माझी विनंती एवढीच आहे की, अशा कारवाईची बातमी देताना ४८ तासांचा अहवाल कोणत्या तारखेला गेला, ६० वा दिवस कोणता, आणि मतदान झाले असेल तर कोणत्या सभागृहात किती मतांनी काय ठरले, याची छोटी चौकट बातमीसोबत द्यावी, आणि ६० व्या दिवशी तिची आठवण वाचकांना पुन्हा करून द्यावी.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक