ड्राइव्ह वाय-फायचा असला तरी वायरनेच जोड

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

वाय-फायवर चालणारा बॅकअप ड्राइव्ह आणलास, घरात राउटर आधीपासून आहेच, मग हा दुसरा डबा त्यात बसवायचा कसा, असं विचारलं होतंस. फोनवर सांगितलं तर अर्धं निसटेल, म्हणून सविस्तर लिहितो.

खोक्यावर काहीही छापलेलं असो, ड्राइव्ह स्वतः वायरनेच राउटरला जोड. बिनवायरचे राहू देत ते लॅपटॉप. ड्राइव्हही वाय-फायवर आणि लॅपटॉपही वाय-फायवर असला, की प्रत्येक फाइल हवेतून दोनदा जाते, आधी लॅपटॉपकडून राउटरकडे आणि मग राउटरकडून ड्राइव्हकडे. दोघं एकाच चॅनलवर (वाय-फायच्या पट्ट्यातली एक वाट) असले तर वेग निम्म्यावर येतो. आता हिशेब कर. लॅपटॉपवर ४०० जीबी आहेत असं धर. २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर सेकंदाला ५ एमबी मिळाले, तर पहिला बॅकअप संपायला २२ तास लागतील. तोच लॅपटॉप पहिल्या बॅकअपपुरता केबलने राउटरला जोडलास आणि गिगाबिट जोडणीचा (सेकंदाला १,००० मेगाबिट; आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी) १०० एमबी वेग मिळाला, तर तासाहून थोडा जास्त वेळ. बारक्या फायली लाखांनी असतील तर याच्या दुप्पट-तिप्पट वेळ जाईल, पण रात्रीत काम उरकेल. पुढचे बॅकअप फक्त बदललेल्या फायलींचे असतात, ते वाय-फायवर खुशाल होऊ दे.

नेटवर्कची केबल कॅट ५ई या दर्जाची किंवा त्यावरची घे. तिच्यात तारांच्या चार जोड्या असतात आणि गिगाबिटला चारही लागतात. दाराच्या फटीत चेपून एक तार जरी तुटली, तरी जोडणी मुकाट्यानं १०० मेगाबिटवर उतरू शकते. नेट चालतं, ड्राइव्ह दिसतो, फक्त बॅकअपचा वेग ११ एमबीच्या वर जात नाही. ११चा आकडा दिसला की आधी केबल बदलून बघ, सेटिंगमध्ये शिरू नकोस.

आता खरी गुंतागुंत. असे बरेच डबे नुसते ड्राइव्ह नसतात, आत पूर्ण राउटरही असतो, आणि तो कारखान्यातून चालू स्थितीत येतो. जुन्या राउटरची केबल त्याच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरचं इंटरनेट आत घ्यायची जागा) खोचलीस, की घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात: जुन्याचे आयपी पत्ते (राउटर प्रत्येक उपकरणाला देतो ते क्रमांक) १९२.१६८.१.अमुक, नव्याचे १०.०.१.अमुक. जुन्या वाय-फायवरच्या लॅपटॉपला ड्राइव्ह दिसत नाही, पण इंटरनेट दोन्हीकडे छान चालतं, त्यामुळे जोडणीतच चूक आहे अशी शंकाही कुणाला येत नाही. माणूस ड्राइव्ह खराब निघाला म्हणून परत करतो. याहून वाईट प्रकार केबल लॅन पोर्टमध्ये (घरातली उपकरणं जोडायची जागा) घातल्यावर होतो. मग एकाच नेटवर्कवर दोघं पत्ते वाटायला लागतात. ज्या मोबाईलला जुन्या राउटरनं पत्ता दिला त्याचं नेट चालतं, ज्याला नव्यानं दिला त्याचं बंद, आणि उद्या बरोबर उलटं. घरात पत्ते वाटणारा एकच हवा, आणि तो जुना राउटर.

म्हणून क्रम असा ठेव. डबा राउटरला जोडण्याआधी फक्त लॅपटॉपला केबलने जोड. लॅपटॉपचं वाय-फाय बंद कर. डब्याच्या तळाच्या स्टिकरवरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकून आत जा (टाइप करताना आकडे इंग्रजीच हवेत). पहिलं काम, अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदल. दुसरं, मोड ‘राउटर’ असेल तो ‘ब्रिज’ किंवा ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ कर. नावं कंपनीगणिक बदलतात, अर्थ एकच: पत्ते वाटायचं काम सोड. डब्याचं स्वतःचं वाय-फाय बंद करून टाक. घराच्या त्या टोकाला सिग्नल कमी पडत असेल तरच चालू ठेव, आणि मग नाव व पासवर्ड जुन्या राउटरचेच दे, चॅनल मात्र वेगळा, २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत.

सेटिंग साठवलं की डबा रीस्टार्ट होतो आणि तो जुना पत्ता उघडेनासा होतो. इथे बहुतेक जण घाबरतात, मागच्या भोकात पिन खुपसून रीसेट करतात, आणि डबा पुन्हा राउटर होऊन बसतो. पत्ता उघडत नाही हे बरोबरच आहे, कारण आता त्याला नवा पत्ता जुना राउटर देणार. राउटर आधी चालू कर, दोन मिनिटं थांब, मग केबलने डबा जोडून चालू कर. राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते. स्टिकरवरचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे डब्याची स्वतःची ओळख, दोन-दोन आकडे-अक्षरांच्या सहा जोड्या, त्या यादीशी ताडून बघ आणि तिथेच त्याच्यासाठी एक पत्ता राखून ठेव, समज १९२.१६८.१.५०. हे केलं नाहीस तर एखाद्या दिवशी वीज जाऊन आल्यावर ड्राइव्हचा पत्ता बदलेल, आणि त्या पत्त्यावर लावलेला बॅकअप तिथेच थांबेल.

वायर पोचणारच नसेल, तर ‘आहे त्या नेटवर्कला जोडा’ हा पर्याय निवड, तोही ५ गिगाहर्ट्झवर. राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर (वाय-फायच्या सुरक्षेची नवी पद्धत) असेल आणि डबा जुन्या घडणीचा असेल तर तो आत येणार नाही. राउटरवर डब्ल्यूपीए२ व ३ दोन्ही चालतील असं मिश्र सेटिंग कर. पाहुण्यांच्या नेटवर्कला मात्र ड्राइव्ह जोडू नकोस. तिथे उपकरणं एकमेकांना दिसू नयेत अशीच व्यवस्था असते.

डब्याऐवजी राउटरच्याच यूएसबी पोर्टला ड्राइव्ह लावायचा विचार आला, तर दोन गोष्टी तपास. अडीच इंची ड्राइव्ह वीज पोर्टमधूनच घेतो. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. तबकडी फिरायला लागते त्या क्षणी ती कमी पडली, तर दर काही सेकंदांनी ‘टक्, टक्’ असा आवाज येतो, ड्राइव्ह दिसतो आणि नाहीसा होतो. स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला यूएसबी हब (जास्तीच्या पोर्टची पट्टी) मध्ये घातला की बहुधा हे थांबतं. त्यावरही टकटक चालू राहिली तर ड्राइव्हच जायला आला आहे, त्यावर काही ठेवू नकोस. दुसरं, यूएसबी ३ च्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो, म्हणून ड्राइव्ह राउटरच्या अँटेनाला चिकटवून ठेवू नकोस. ड्राइव्हचा फॉरमॅट (फायली मांडायची पद्धत) फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल मावणार नाही. एक्सफॅटमध्ये अर्धवट लिखाण सावरणारी नोंदवही नसते, वीज गेली की फोल्डरच्या फोल्डर बिघडू शकतात. राउटरला वाचता येत असेल तर एक्सटी४ (ext4) किंवा एनटीएफएस हा फॉरमॅट घे.

विंडोजमध्ये आधी नेटवर्कचा प्रकार ‘प्रायव्हेट’ कर. मग फाइल एक्सप्लोररच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा (\\) आणि राखलेला पत्ता टाक. डबा जुना असेल तर इथे अडशील, कारण २०१७ च्या अखेरीपासून विंडोज १० मध्ये एसएमबीची (नेटवर्कवरच्या फायली उघडायची पद्धत) पहिली आवृत्ती आपोआप येत नाही. नेटवर सल्ला मिळेल की ती परत चालू करा. करू नकोस. त्याच आवृत्तीतल्या भगदाडातून २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला होता. डब्याचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करून एसएमबी २ किंवा ३ मिळतं का बघ. मिळत नसेल तर तो डबा बॅकअपच्या कामाचा नाही, हे माझं ठाम मत.

‘फाइल हिस्टरी’ ही विंडोजमधली बॅकअपची सोय फक्त डॉक्युमेंट्स, फोटो, डेस्कटॉप अशा ठरलेल्या जागा उचलते. डी ड्राइव्हवर मुळाशीच फोल्डर करून काम ठेवत असशील तर ते एखाद्या लायब्ररीत जोड, नाहीतर त्याचा बॅकअप कधीच होणार नाही आणि कुणी तुला सांगणारही नाही. घरातल्या मॅकसाठी (अ‍ॅपलच्या कॉम्प्युटरसाठी) टाइम मशीन हा बॅकअपचा प्रोग्रॅम आहे. ते मिळेल तेवढी जागा खात जातं, म्हणून त्याला वेगळं फोल्डर देऊन मर्यादा घाल, मॅकमधल्या डेटाच्या साधारण दुप्पट. १ टीबीचा ड्राइव्ह विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसेल; ती मोजण्याची पद्धत, खोट नाही. मॅकचा बॅकअप वाय-फायवर चालू असताना झाकण मिटू नकोस. अर्धवट तुटला तर ‘नवा बॅकअप करावा लागेल’ असा संदेश येऊ शकतो, आणि मागचा सगळा इतिहास त्यासोबत जातो.

खंडणीखोर व्हायरसबद्दल फार कळकळीनं लिहितो. ड्राइव्हला झेड वगैरे अक्षर देऊन कायम उघडा ठेवलास, तर लॅपटॉपमधल्या फायली कुलूपबंद करणारा व्हायरस बॅकअपही त्याच फेरीत कुलूपबंद करतो. डब्यावर बॅकअपसाठी वेगळा युजर बनव, त्याचा पासवर्ड फक्त बॅकअपच्या प्रोग्रॅमला दे, रोजच्या वापराच्या युजरला त्या फोल्डरात लिहायची परवानगी देऊ नकोस. याउपर, एक साधा यूएसबी ड्राइव्ह महिन्यातून एकदा जोडून प्रत घे आणि काढून कपाटात ठेव. जोडलेलाच नाही त्याला कुणी हात लावू शकत नाही. बाहेरून बघता यावं म्हणून राउटरवर ४४५ चा पोर्ट (एसएमबी ज्या दारानं चालतं तो) मात्र कधीही उघडू नकोस.

पहिला बॅकअप झाला की त्याच दिवशी तो परत आणून बघ. एखादा फोटो, एखादी मोठी एक्सेल फाइल बॅकअपमधून डेस्कटॉपवर वेगळ्या नावानं उतरव, उघड, शेवटच्या पानापर्यंत जा. दर तीन महिन्यांनी हे पुन्हा कर.

मध्येच अडलास तर मला दोनच गोष्टी कळव: लॅपटॉपचा आयपी पत्ता आणि डब्याचा आयपी पत्ता. टिंबांनी वेगळे केलेले पहिले तीन आकडे (१९२.१६८.१ सारखे) जुळत नसतील तर घरात बहुधा अजून दोन राउटर चालू आहेत.

तुझा मित्र